वहीत न मांडलेला खर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या नव्या वहीला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो आणि 'शुभ लाभ' असे लिहितो. वहीची पूजा म्हणजे हिशेबाची पूजा, आणि हिशेबाची पूजा ही एका अर्थी सत्याचीच पूजा होय. परंतु प्रत्येक वहीला एक खोड असते. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तरच ती त्याची नोंद घेते. आई रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसली, तर वहीचे पान कोरेच राहते. तिच्या जागी मोलाने बाई ठेवली, की लगेच रक्कम नावे पडते. जागरण दोघींचे सारखेच. एकीचे जागरण खर्च ठरते, दुसरीचे कर्तव्य. वहीची ही खोड ध्यानात ठेवून आज एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रश्न असा की, आपल्यासारख्या देशाच्या सरकारने मेंदूच्या संशोधनावर जनतेचा पैसा खर्च करावा काय?

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कोणाला जड वाटेल. पण घरातले एखादे माणूस लकव्याने अंथरुणाला खिळलेले असताना त्या घरी दिवाळी कशी होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो जड वाटणार नाही. आणि अशी घरे शोधायला फार दूर जावे लागत नाही.

न्यायाने वागायचे, तर आधी विरुद्ध पक्ष मांडला पाहिजे, आणि तो दुबळा करून मांडता कामा नये. आमचा वाशीम जिल्हा केंद्र सरकारच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत मोडतो. सरकारी भाषेतला शिष्टाचार बाजूला ठेवला, तर त्याचा अर्थ मागे राहिलेला जिल्हा. इथला शेतकरी साबणाच्या वडीमागेही कर भरतो. त्याने उद्या मला पारावर अडवून विचारले की, "मास्तर, सोयाबीनला भाव नाही, दवाखान्यात गेलो तर औषध मिळेलच असे नाही, आणि माझ्या पैशातून कोणी तिकडे उंदराचा मेंदू तपासत बसणार. हा कुठला न्याय?" तर त्याला अडाणी म्हणून वाटेला लावणे हा उद्धटपणा होईल. त्याचा प्रश्न खरा आहे. ज्याचे पोट अर्धे रिकामे आहे, त्याच्या पैशाचा हिशेब अधिक काटेकोर असला पाहिजे.

म्हणून हिशेबच करू.

शिक्षकाजवळ व्यापाऱ्यासारखी वही नसते. त्याची वही म्हणजे हजेरीपट. त्यात पैशाचा उल्लेख नसतो, तरी गावाचा बराचसा जमाखर्च त्यात वाचता येतो. सातवी-आठवीतली एखादी चुणचुणीत मुलगी आधी बाजारच्या दिवशी गैरहजर राहते, मग आठवड्यातून तीन दिवस, आणि मग येतच नाही. चौकशी केली की कळते, आजीच्या अंगावरून वारे गेले आहे; आई मजुरीला जाते आणि आजीला घास भरवायला कोणीतरी घरी हवे. कोणाच्या भावाला फेफरे येते, म्हणून त्याला विहिरीकडे किंवा चुलीपाशी एकटा सोडता येत नाही. कोणाचे वडील माणसांतून उठून गेल्यासारखे झाले आहेत. बोलत नाहीत, जेवत नाहीत, वावर बटाईने दिले आहे. या तिन्ही घरांत खर्च चालू आहे. मजुरी बुडाली, शिक्षण बुडाले, कोणाचे तारुण्य एका खाटेच्या कडेला बसून सरले. पण कोणत्याही वहीत त्याची नोंद नाही, कारण तो खर्च बहुधा बायकांनी आणि मुलींनी केला, आणि त्यांचे श्रम वहीला दिसत नाहीत.

ही दोनचार घरांची कहाणी नव्हे. २०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील राज्यवार अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशावरील एकूण रोगभारात मेंदू व मज्जातंतूंच्या असंसर्गजन्य विकारांचा वाटा १९९० साली शंभरात ४ होता, तो २०१९ साली ८.२ झाला. त्यात सर्वांत मोठा हिस्सा पक्षाघाताचा, म्हणजे आपल्या लकव्याचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने देशात साठी ओलांडलेले सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत, असा अंदाज दिला. इतक्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून मोरीपर्यंत नेणारे तितकेच हात कुठेतरी कामावरून उठलेले असणार.

तेव्हा शेतकऱ्याला माझे पहिले उत्तर असे: बाबा रे, मेंदूवर खर्च करावा की न करावा, हा प्रश्न आपल्यापुढे नाहीच. खर्च होतोच आहे. हा कर कोणत्याही विधिमंडळाने बसवलेला नाही, त्याची पावती मिळत नाही, आणि गरिबाला त्यात सूट नाही. उलट ज्याच्या घरी माणसे थोडी आणि जमीन कोरडवाहू, त्याच्यावर तो अधिक बसतो. प्रश्न एवढाच आहे की, हा बोजा एकेका घराने अंधारात उचलावा, की सगळ्यांनी मिळून थोडा थोडा आधी उचलून तो हलका करण्याची वाट शोधावी.

यावर कोणी शहाणा माणूस म्हणेल, वाट शोधायचीच तर औषधाच्या कंपन्या आहेत की; त्यांना नफा हवा आहे, त्या शोधतील. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पुष्कळ उत्तम औषधे कंपन्यांनीच तयार केली. पण व्यापारी तीच विहीर खोदतो, जिच्या पाण्यावर त्याला पहारा बसवता येतो. ज्ञानाचे पाणी मोठे विचित्र आहे. ते एकाला लागले की हळूहळू सगळ्यांच्या आडांत झिरपते. मग आपल्या पदरचे पैसे घालून, खाली खडक आहे की पाणी हेही ठाऊक नसताना, खोदायला कोण धजेल? केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली हीच गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. शोधात धोका असतो आणि शोधाचा सगळा लाभ शोधणाऱ्याच्या हाती राहत नाही. म्हणून बाजार संशोधनावर समाजाच्या हिताला पुरेल इतका खर्च करीत नाही, आणि संशोधन जितके मुळाकडचे, तितकी ही तूट मोठी, असे त्याचे सांगणे.

मेंदूच्या बाबतीत ही तूट डोळ्यांनी दिसते. ऑस्ट्रेलियातील जॉन केड नावाच्या डॉक्टरने १९४९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. उन्मादाने बेफाम झालेले रुग्ण लिथियमच्या साध्या क्षाराने शांत होतात, असे त्याला आढळले होते. पण लिथियम निसर्गात सापडणारे, स्वस्त. त्याच्यावर मालकी कोणाला सांगता येणार? अमेरिकेत उन्मादावरचे औषध म्हणून त्याला मान्यता मिळायला १९७० साल उजाडले. क्षाराचे प्रमाण चुकल्यास विषबाधा होते, ही भीती उशिराला कारण होती, हे खरे. पण ती दूर करण्यासाठी पैसे घालून चाचण्या करण्याची निकड कोणत्या व्यापाऱ्याला वाटणार होती? दुसरे उदाहरण अलीकडचे. जानेवारी २०१८ मध्ये फायझर या बलाढ्य कंपनीने अल्झायमर आणि पार्किन्सन या विकारांवरील नवी औषधे शोधण्याचे आपले काम बंद केल्याचे जाहीर केले. यात कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखा विचार केला. पण त्याने दुकान बंद केले म्हणून रोग्यांनी रोगी होणे थांबवले नाही.

आता एक आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट. मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली कोकणात महाडजवळच्या बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला गेले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले डोळ्यांदेखत मरत. गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत. पुस्तकांतून या मृत्यूवर नेमका इलाज मिळेना. या तरुण डॉक्टराने रुग्णांच्या उशाशी बसून टिपणे ठेवली. विंचवाचे विष मज्जातंतूंची टोके चेतवते. त्यांतून उत्तेजक रसायनांचा लोंढा रक्तात येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे चित्र त्यातून स्पष्ट होत गेले. तेव्हा त्यांनी रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची गोळी देऊन पाहिली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते. १९८६ साली त्यांचे यावरचे लेखन 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या गोष्टीचा एक धागा मात्र महाडच्याही पलीकडे जातो. ही गोळी ज्या ज्ञानावर उभी आहे, ते रेमंड आल्क्विस्ट या प्राध्यापकाचे. शरीरात मज्जारसायनांचा संदेश झेलणाऱ्या जागा दोन प्रकारच्या असाव्यात, असे त्याने १९४८ साली दाखवले. तो अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत होता. त्याचा निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला. दुसऱ्याने छापला, तेव्हाही कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्या वेळी जॉर्जियाच्या एखाद्या भुईमुगाच्या शेतकऱ्याने विचारले असते की, माझ्या करातून हे काय चालले आहे, तर त्याला 'यातून एके दिवशी कोकणातली मुले वाचतील' असे उत्तर कोण देऊ शकला असता? मधल्या काळात औषधाची गोळी बनवली ती कंपनीने, हेही मान्य केले पाहिजे. परंतु त्या गोळीच्या अलीकडे सरकारी आरोग्य केंद्र होते आणि पलीकडे सरकारी महाविद्यालय. विंचवाने दंश झालेल्या गरीब मुलासाठी जुन्या, स्वस्त गोळीची परीक्षा घेण्यात नफा कसला? तिथे पगारी सरकारी डॉक्टरच हवा होता, आणि तो मनाचा मोठा निघाला, हे आपले भाग्य.

आमच्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता उभी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. देवाची गोष्ट वेगळी. माणसाचे औषध असे अधांतरी उभे राहत नाही. त्याच्याखाली कोणाचा तरी खांदा असतो, आणि पुष्कळदा तो खांदा कर भरणाऱ्या अनोळखी माणसाचा असतो.

तरीही कोणी विचारील, एखाददुसरी गोष्ट सांगून हिशेब पुरा होत नाही. घातलेले पैसे परत येतात काय? याचेही मोजमाप झाले आहे. अमेरिकेच्या सरकारी मज्जाविकार संस्थेने २००० सालापूर्वी खर्च उचललेल्या २८ मोठ्या वैद्यकीय चाचण्यांचा हिशेब २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या चाचण्यांचा मिळून खर्च सुमारे ३३ कोटी ५० लक्ष डॉलर. दहा वर्षांत समाजाला झालेला निव्वळ लाभ १५ अब्ज डॉलरांहून अधिक. पण मला या हिशेबातली दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. २८ पैकी फक्त ६ चाचण्यांतून लोकांच्या आरोग्यात मोजता येईल अशी सुधारणा झाली. बाकीच्यांच्या पदरी तसे माप पडले नाही. आमच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पेरलेला प्रत्येक दाणा उगवत नाही, आणि कोणता उगवेल हे आधी कळत असते, तर त्याने तेवढेच दाणे पेरले असते.

परदेशाचे कशाला, आपल्या स्वयंपाकघरातच पाहा. आजच्या चकलीच्या पिठात जे मीठ पडले, त्यामागेही एक सरकारी प्रयोग आहे. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात काम सुरू केले. तिथे गलगंडाचा रोग घरोघर होता. खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीन घातलेले मीठ दिले आणि एका भागात साधे. काही वर्षांत फरक उघड दिसू लागला. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गळ्याची गाठ हा या रोगाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा की, गर्भारपणी आईच्या शरीरात आयोडीन फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ते मूल वर्गात मागच्या बाकावर बसते, आणि आम्ही मास्तर त्याला मठ्ठ म्हणतो. चिमूटभर क्षाराने टळणारी ही हानी कोणत्या वहीत मांडणार?

इथवर माझी बाजू सोपी होती. आता अवघड भाग. फेफऱ्यावर फिनोबार्बिटॉन हे औषध १९१२ सालापासून वापरात आहे आणि ते अत्यंत स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, योग्य उपचार मिळाले तर शंभरातले सत्तरपर्यंत रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात. आणि तरीही गरीब देशांत चारांतले तीन रुग्ण उपचारावाचून राहतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे ज्ञान अजून वाटेतच आहे. अजूनही झटका आला की कांदा नाकाशी धरतात, आणि मुलीचे लग्न ठरेपर्यंत रोग लपवतात. अशा स्थितीत नव्या ज्ञानासाठी पैसा मागणे हा जुन्या ज्ञानाचा अपमान नव्हे काय?

हा आक्षेप मी पुरा खोडून काढू शकत नाही, आणि खोडूही इच्छीत नाही. जे सरकार प्रयोगशाळेला पैसे देते आणि आरोग्य केंद्रातली गोळी संपली तरी स्वस्थ बसते, त्याने विहीर खोदली पण दोर दिला नाही. परंतु दोर आणि विहीर ही एकमेकांची वैरी नव्हेत. गोळी खेड्यात कशी पोचवावी, रुग्ण ती मध्येच का सोडतो, हाही संशोधनाचाच विषय आहे. कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी यांनी साध्या स्वस्त औषधांवर फेफऱ्याचे रुग्ण खेड्यातच सांभाळता येतात, हे अभ्यास करूनच दाखवले.

आणि काही प्रश्न असे आहेत की, ते आपण विचारले नाहीत, तर जगात दुसरे कोणी विचारणार नाही. मेंदूची छायाचित्रे घेणारी यंत्रे देशात आल्यावर फेफऱ्याच्या पुष्कळ रुग्णांच्या मेंदूत एकच लहानसा डाग दिसू लागला. तो क्षयाची गाठ समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम् राजशेखर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की, असे कित्येक डाग म्हणजे मरू घातलेली टेपवर्म कृमीची अळी असते आणि ती बहुधा आपोआप विरून जाते. त्या अळीचे अंडे घाणेरड्या पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीतून पोटात जाते. म्हणून शुद्ध शाकाहारी घरातही हा विकार होतो. ती संस्था सरकारी नव्हे. पण या एका शोधाने किती रुग्णांची नको ती औषधे आणि नको ती शस्त्रक्रिया वाचली असेल! लंडन-न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला हा प्रश्न पडलाच नसता.

आपण मात्र सगळ्या शास्त्रांच्या संशोधनावर मिळून देशाच्या उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांमागे ६४ पैसे खर्च करतो. २०२०-२१ सालचा हा आकडा आहे. दक्षिण कोरियात तो चार रुपयांहून अधिक आहे. त्या ६४ पैशांत अणू आहे, अवकाश आहे, संरक्षण आहे, शेती आहे. मेंदूच्या वाट्याला काय उरत असेल, याची कल्पना करावी.

शेवटी एक सावधगिरी. मी इतका वेळ लाभाची भाषा बोललो. पण ही भाषा एका टप्प्यापुढे घातक आहे. प्रत्येक माणसाचे मोल त्याच्या कमाईवरून करायचे ठरले, तर नाव विसरलेल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीवर खर्च करण्याचे कारणच उरणार नाही. ती बरी झाली तरी मजुरीला जाणार नाही. हिशेब ज्याच्या हाती असतो, त्याला ही गोष्ट फार लवकर सुचते. शिवाय काही दुःखे मेंदूत शोधून सापडत नाहीत. विदर्भातला शेतकरी गळफास घेतो, त्यात मनाचा आजार असेलही. पण कर्ज आणि पडलेला भाव यांचे औषध प्रयोगशाळेत नाही, आणि तसे भासवणे ही फसवणूक होईल.

तेव्हा हिशेब मांडावा तो तिजोरीचे दार उघडण्यासाठी. आत कोणाला घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याला देऊ नये. आईला घास भरवताना कोणी परतावा मोजत नाही. सरकारला मात्र परताव्याची भाषा लवकर कळते. म्हणून त्या भाषेत सांगायचे एवढेच. आणि सांगताना दोन अटी घालायच्या. जनतेच्या पैशाने लागलेले पाणी जनतेचे राहावे, त्यावर कोणाचा पहारा बसू नये. आणि ज्या रोगांनी आपली घरे पोखरली आहेत, ते आधी तपासावेत. या अटी पाळल्या जात असतील, तर त्या शेतकऱ्याने साबणाच्या वडीमागे दिलेल्या कराबद्दल मी त्याला डोळ्याला डोळा भिडवून उत्तर देऊ शकेन. त्याची नात त्या वेळी वर्गात बसलेली असेल, तर ते उत्तर मला फार लांबवावे लागणार नाही.